दुसरा काटा

“तू करतेस काय? नुसती गाडी चालू करून बसतेस!” असं चारचौघांत सुनावून दादाने धाकट्या बहिणीला रेसच्या टीममधून हाकललं होतं. आज थंडीत त्याने इंजिन स्वतःच चालू केलं आणि तेलाच्या दाबाचा काटा झर्रकन वर गेला. “बघ, तुझ्यावाचून काही अडलं का?” शेजारच्या टीममध्ये गेलेल्या तिला त्याने डिवचलं. गार तेल घट्ट असतं, म्हणून दाब भरपूर दिसतो. इंजिनात मात्र ते धड पोचत नाही. तापमानाचा काटा जागचा हललाही नसणार, हे तिला न बघता ठाऊक होतं. “नाहीच अडलं, दादा. दामट बिनधास्त,” ती गोड हसून म्हणाली. पहिल्याच वळणावर इंजिनाने मान टाकली. हेल्मेट आपटत दादा परतला, तेव्हा ती पुढच्या फेरीत उतरणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत होती, तापमानाच्या काट्याकडे डोळे लावून, नुसती गाडी चालू करून बसलेली.