वेगळ्या चुली

सासऱ्यांच्या गाद्यांच्या दुकानात सगळ्या कामांना मिळून एकच जुनं सॉफ्टवेअर होतं. नुसता प्रिंटर अडकला तरी बिल, गोदाम, डिलिव्हरी सगळंच एकदम आडवं व्हायचं. सूनबाईने त्याचे भाग पाडले. बिल करणारा वेगळा, माल बघणारा वेगळा, गाडी पाठवणारा वेगळा. एकमेकांना विचारायचं ते कामापुरतं.

"चांगलं एकत्र नांदत होतं, तू वेगळ्या चुली मांडल्यास," सासरे कुरकुरले. "आज काही बिघडलं ना, तर उद्यापासून जुनंच परत!"

दुपारी बिघडलंच. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा भाग पिसाळला आणि त्याने झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना कळवून टाकलं, 'आज तुमचा वाढदिवस! दुकानात या, एक उशी फुकट!' दुकानात ही झुंबड उडाली.

"बंद कर! सगळं बंद कर!" सासरे ओरडले.

सूनबाईने फक्त शुभेच्छा बंद केल्या. बिलं निघत राहिली, गाड्या सुटत राहिल्या आणि उशीसाठी आलेली माणसं गाद्या घेऊन गेली.

सासरे गाल फुगवून गोदामात जाऊन बसले.

"आई, बाबा रुसलेत हो. आता काय करायचं?"

सासूबाईंनी बिल करता करता मानही वर केली नाही.

"रुसू देत गं. पूर्वी हे रुसले की अख्खं दुकान बंद पडायचं. आता एवढा एकच भाग बंद आहे. बाकीचं चालू दे."