डबीतली बाई

"हिचं नाव सांग, तेवढंच." लीलाताईंनी कुंकवाच्या करंड्याएवढी डबी केयूरच्या पुढ्यात ठेवली आणि सवयीने पदर डाव्या भुवईवर ओढून घेतला. लहानपणी नदीवरच्या अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवरून पडल्या, तेव्हापासूनची ही सवय. त्यापायी त्यांनी जन्मात एक फोटो काढू दिला नव्हता.

डबीत नखाहून जरा मोठं चित्र होतं. गजरा, सरळ नाक, ओठांच्या कोपऱ्यात अडलेलं हसू. त्यांच्या नवऱ्याच्या, रत्नाकररावांच्या, रेल्वेच्या नोकरीतल्या पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, ते अख्ख्या संसारभर जपलेलं होतं.

केयूरने डबी उजेडात धरली. मंगलागौरीच्या गल्लीत त्याच्या घराची तिसरी पिढी चेहरे रंगवत होती.

"बाबांचा हात, काकू. बिलकुल त्यांचाच."

"हात कुणाचा ते मी विचारलंच नाही. उद्या यांचं वर्षश्राद्ध. मुलगा, अनिश, म्हणतो, बाबांचा फोटो भिंतीवर लावू. मी म्हटलं, आधी ही जिची तिला पोचवून येते, मग बघू."

"दुसरी कुणी होती, याची खात्री आहे तुम्हाला?"

"बेचाळीस वर्षं भाकरी वाढली त्यांना. मला खात्री नसेल तर कुणाला?"

केयूर उठला. फडताळातून त्याने चेहऱ्याच्या रेघांवर सुईने टोचलेला एक पिवळा कागद आणला, कोऱ्या कागदावर ठेवून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवली. कागद उचलला, तर खाली तेच नाक, तेच हसू.

"म्हणजे समोर बसवून काढलं हिला," लीलाताई सावकाश म्हणाल्या.

"समोर कुणी बसायचंच नाही. आपल्या घरांतल्या बायका तेव्हा चित्रकारापुढे कुठे यायच्या? नवरे एकटेच यायचे. बाबा सगळ्यांना हाच चेहरा काढून द्यायचे."

"सगळ्यांना? आणि लोक घ्यायचे?"

"खुशीने. नवरा एखादी खूण सांगायचा. कुणी तीळ, कुणी दातातली फट. तेवढी खूण मात्र बाबा मन लावून काढायचे. बाकी चेहरा कुणाचाही, खूण तिची."

"मला तर यात काहीच दिसत नाही."

"नुसत्या डोळ्यांनी दिसायचं नाही." केयूरने भिंग पुढे केलं.

गजऱ्याची एकेक कळी सुटी झाली. कपाळ आलं. मग डावी भुवई: तिच्या मधोमध, एका केसाच्या कुंचल्याने ओढलेली, भुवईचे दोन तुकडे करणारी पांढरी रेघ.

लीलाताईंनी भिंग खाली ठेवलं, आणि डोक्यावरचा पदर हळूच मागे सारला.