मिटल्या ओठांची कथा

शेवटचे वाक्य उच्चारून नटाने कागद छातीशी धरले आणि मान लवविली. संपादिकेच्या लहानशा खोलीच्या दारात उभ्या असलेल्या कारकुनाने टाळ्या वाजविल्या. मुद्रितशोधक चष्मा काढून डोळे टिपत होता. मुलीला दूरदेशी निरोप देणाऱ्या बापाची ती कथा होती. नटाने लिहिलेली पहिलीच.

संपादिकेच्याही डोळ्यांत पाणी होते. तिने ते पुसले आणि हात पुढे केला.

"आता कागद द्या. आणि तुम्ही जरा बाहेर बसा."

तो बाहेरच्या बाकावर बसला. बत्तीस वर्षे त्याने इतरांची वाक्ये निष्ठेने उच्चारली होती. आता त्याच्या मनात स्वतःची वाक्ये उगवू लागली होती आणि ती थोपविणे त्याला अशक्य झाले होते. म्हणून गेल्याच आठवड्यात त्याने नाटक मंडळी सोडली. त्याची भूमिका दुसऱ्याला गेली. ही कथा मासिकाने नाकारली, तर तो ना नट उरणार होता, ना लेखक होणार होता.

दहा मिनिटांनी आतून बोलावणे आले. संपादिकेचा चेहरा कोरडा होता.

"कथा कागदावर नाहीच हो. ती तुमच्या गळ्यातच राहिली."

"म्हणजे?"

"इथे बाप म्हणतो, 'जा'. तुम्ही म्हणालात तेव्हा काळीज हललं. कागदावर नुसतं 'जा' आहे. मासिक चार हजार घरांत जातं. प्रत्येक घरी जाऊन म्हणून दाखवणार आहात का?"

त्याला एकाएकी हसू फुटले. किती सरळ चूक! आयुष्यभर ज्या संहिता पाठ केल्या, त्यांच्यासारखीच त्याने कथा रचली होती. अर्धी जागा स्वतःच्या आवाजासाठी राखून ठेवलेली.

"परवा दुपारी अंक छपाईला जातो," ती म्हणाली. "तोवर अंकात तुमच्यासाठी पानं राखून ठेवते."

तो जवळजवळ धावतच घरी पोहोचला. लिहावयास बसला, तो ओठ आपोआप हलू लागले. प्रत्येक वाक्य आधी मुखात सजे आणि मगच कागदावर उतरे. तेव्हा त्याने एक युक्ती योजिली. तोंडात पाण्याचा घोट धरावयाचा आणि लिहावयाचे. घोट गिळला गेला, तर ते वाक्य बोलले गेले असे समजावयाचे आणि खोडावयाचे.

थोरली बहीण दारात येऊन पाहत राहिली.

"गाल का फुगवलेस रे? दाढ दुखतेय, की माझ्यावर रुसलायस?"

त्याने हातानेच नाही म्हटले.

"असू दे, असू दे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा या घरात मला कुणी मधे न तोडता बोलू देतंय. रोज लिहीत जा बाबा!"

पाणी त्याच्या नाकात गेले. पान भिजले. ठसकत, हसत त्याने नवे पान घेतले. बापाच्या मुखातला 'जा' त्याने काढूनच टाकला. निरोपाच्या क्षणी बापाचे हात काय करतात आणि मग गर्दीत लांब जाणारा मुलीचा स्वेटर, तेवढेच लिहिले. ते हात त्याला इतके स्वच्छ दिसले की लेखणी थांबेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने संपादिकेसमोर कागद ठेवले आणि तो ओठ मिटून भिंतीशी उभा राहिला. ती वाचू लागली. पाने उलटण्याचा मंद आवाज तेवढा होत होता. शेवटच्या पानावर तिचे बोट थांबले.

"छापते," ती अखेर म्हणाली. "एक अक्षरही हलवत नाही. गर्दीत लांब लांब जाणारा तिचा तो हिरवा स्वेटर आणि बाप नुसता बघत राहतो... तो हिरवा सुचला कसा हो तुम्हाला?"

नट गोंधळला. त्याने कागद उचलले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदा, पुन्हा एकदा पाहिले. मग त्याच्या सर्वांगावर रोमांच उभे राहिले. रंगमंचावर तो रंग कपडेपटवाल्याने ठरविला असता आणि सगळ्या प्रेक्षागृहाने तोच पाहिला असता.

"बाई," तो हलकेच म्हणाला, "मी नुसतं 'स्वेटर' लिहिलंय. रंग कुठेच दिलेला नाही."