तिकडून मागितलेली सायकल

“ही नको. जड हाये,” सोमारी म्हणाली आणि खांद्यावरची सायकल उतरवून तिनं दुकानाच्या ओट्याला टेकवली.

लच्छूशेठ बघतच राहिले. वरोऱ्यात तेव्हा सायकलीचं हे एकच दुकान होतं. गिऱ्हाइकं घंटी वाजवून बघत, चाक फिरवून बघत, चकचकीत हँडलमध्ये स्वतःचं तोंडही बघून घेत. पण सायकल खांद्यावर घेऊन रस्त्यावर फेरी मारणारं गिऱ्हाईक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“बाई, आपुन सायकलीवर बसाचं असते,” ते म्हणाले. “सायकलीले आपल्यावर नाई बसवाचं.”

“वाटेत नाला हाये, शेठ. पाणी आलं का उचलाच लागते. तिकडून तसं सांगून धाडलं.”

“सांगून धाडलं म्हणते,” ओट्यावर बसलेला देवाजी उसळला. “राजेच लागून गेले ते.”

देवाजी कापूस पिकवायचा. सोमारीच्या जंगलातल्या गावाची वाट त्याच्या शेताशी सडकेला मिळे, आणि बाजाराच्या दिवशी तो तिला बैलबंडीत बसवून घेई. एवढीच ओळख. आज सकाळी चढता चढता तिनं सांगितलं होतं, घरात लग्न काढलं आहे आणि तिकडून सायकल मागितली आहे. तेव्हापासून देवाजी धुमसत होता. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस उतरवून तो घरी जायचा, तो आज तिच्यासोबत दुकानात आला.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या वच्छलाचं लग्न झालं होतं. जावयानं ऐन मांडवात घड्याळ मागितलं आणि ते मिळेपर्यंत तो ताटावर बसला नाही. चारचौघांत देवाजीनं आपल्या मनगटावरचं काढून दिलं. मनगटावर पट्ट्याची पांढरी खूण अजून होती.

शेठनी दुसरी सायकल काढली. सोमारीनं मडगार्डच्या आत बोटं घालून पाहिली.

“हे काढून टाका. यात चिखल अडकते. चेनीवरचं झाकणही नको. टायर मात्र जाडे पाह्यजे.”

“अशी उघडीनागडी सायकल लग्नात देता?” शेठ म्हणाले. “लोक हासतीन, बाई.”

“हासू द्या. तिकडून तशीच मागितली.”

“करते काय तो मानूस?” देवाजीनं विचारलं.

“शाळा शिकवते. रानातल्या गावची शाळा.”

“घ्या,” देवाजीनं शेठकडे पाहून हात झटकला. “मास्तर हाये. लेकराइले शिकवते अन् सोयऱ्याइले लुबाडते. माहा जावई तं अडाणी, त्याचं एक सोडा. याले काय झालं?”

“भाऊ, तसं नाई...”

“तुमी भोळी मानसं, सोमारीबाई. तुमाले तसं नाईच वाटन. वर्षभर चारोळी वेचली, मोहफूल वेचलं, ते का याच्यासाठी? आज सायकल, उद्या घड्याळ, परवा आनखी काई. मी वच्छलाच्या वक्ती बोललो नाई, तं अजून जळून राह्यलो. तुमी बोला. नाई देत म्हणा.”

“नाई म्हटलं तं लग्न मोडते.”

“मोडू द्या. दुसरं ठिकान भेटन.”

सोमारी ओट्याच्या कडेला टेकली. “माहं लेकरू दुसरीकडं तयार नाई. जेवत नाई, कोनासंगं बोलत नाई. सायकल घेऊन ये, नाई तं लग्नाचं नाव काढू नको म्हणते मले. कुठी दुसरं ठिकान पाहू, भाऊ?”

देवाजीनं बाह्या सरसावल्या.

“मंग मी येतो त्याच्या घरी. तोंडावर इचारतो, काऊन रे बापा, तुले पाय नाई का?”

“पाय हायेत. पन लग्न झाल्यावर शाळा दूर पडते म्हणे.”

“काऊन दूर पडन? घरजावई होऊन राह्यला का तुमच्या घरी?”

सोमारीनं पदर तोंडाला लावला. ती हसली की काय, हे त्याला कळलं नाही. ती उठली, दुसरी सायकल खांद्यावर घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

“ही घेतो,” ती म्हणाली.

“देऊ नका, शेठ,” देवाजी म्हणाला.

“देवाजीभाऊ, तुमी गिऱ्हाईक घेऊन आले का पिटाळाले आले?”

शेठनी मडगार्ड उतरवले, चेनीवरचं झाकण काढलं, जाड टायर चढवले. देवाजी पाठ फिरवून बसला होता. पण सायकल तयार होऊन उभी राहिली तेव्हा त्याला राहवलं नाही.

“सीटही चढवून द्या, शेठ. पार वर करा. आयतं खानाऱ्याचे पाय लंबेच असतीन. जावईबुवाचे गुडघे दुखले तं तेही आमच्यावरच येईन.”

शेठ हसले. त्यांनी पाना लावून सीट वर ओढली.

सोमारी पुढं झाली. तिनं सीटवर तळहात ठेवला आणि जोर लावून ती दाबली.

“खाली घ्या, शेठ. अजून खाली. सून माही ठेंगनी हाये.”