उंबऱ्यातला पैसा

रंभाजीच्या अल्बममध्ये राणीछाप तांब्याच्या पैशांची सगळी सालं होती, एकच खण रिकामा. त्या सालाचा पैसा नेवाशाला, धाकट्या अमृतच्या घरच्या उंबऱ्यात. आज्यानं घरभरणीला बसवलेला. रंभाजी मागून मागून थकला. "उंबऱ्यातली लक्ष्मी उपटत नसत्यात, दादा," एवढंच उत्तर.

पाडव्याला अमृत आपणहून आला. "तुज्यापायी उंबरा फोडला बग," म्हणत त्यानं मूठ उघडली. पैसा देवाच्या तांब्यासारखा लखलखत होता. "काळाठिक्कर पडला हुता. चिचंनं न् राखंनं घास घास घासला."

शंभर वर्षांत चढलेली काळी झाक, जिच्यावर रंभाजी जीव टाकायचा, ती एका घासणीत गेली होती. त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं. हात दाराआडच्या पहारीवर गेला.

"का रं दादा, आवडला न्हाई व्हय?"

पहिला घाव बसला तेव्हा अमृतनं पैशाच्या मुठीनंच डोकं धरलं. दुसऱ्या घावाला तो गप झाला.

बऱ्याच वेळानं रंभाजीनं भावाची बोटं एकेक करून सोडवली. रक्त वाळून पैसा पुन्हा उंबऱ्यातल्यासारखा काळा पडला होता. त्यानं तो न पुसता रिकाम्या खणात ठेवला.