पाचवा व्हॉल्व्ह

चार व्हॉल्व्ह पेटले. पाचवा पेटला नाही.

वामनरावांनी पेचकस टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. समोर घरी जोडलेल्या रेडिओचा उघडा सांगाडा होता. पत्र्याची बैठक, वर काचेचे पाच व्हॉल्व्ह, खाली तारांचा गुंता, बाजूला कर्णा. नवरात्राआधीपासून त्यांनी दुसऱ्या कशात लक्ष घातलं नव्हतं. आश्विनातल्या उकाड्यातही गळ्याभोवती उपरणं तसंच गुंडाळलेलं होतं.

"सहा वाजून राह्यले," नत्थुजी म्हणाला. तो अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात वीजतंत्री होता. रेडिओचा नकाशा त्याचा, अमरावतीहून सामान आणलं तेही त्यानंच. "साडेसहाले कीर्तन लागते. नाईतर देशमुखाकडे जाऊन बसू न. त्याचा रेडिओ तयार हाये, गादीबी हाये."

वामनरावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"असं पाहून व्हॉल्व्ह पेटत नाई, वामनराव. पेटला असता तर मी माह्या बायकोलेच आनलं असतं."

आतून वामनरावांच्या पत्नी मैनाबाई आल्या. हातात उदबत्त्या होत्या. "देशमुखाकडे नाई भाऊजी. हे कीर्तन याच घरात झालं पाह्यजे. नागपूरच्या रेडिओवाल्यायनं मागच्या साली फितीवर घेतलं, आज एकडाव लावतीन, अन् मंग पुसून टाकतीन. त्याच फितीवर दुसऱ्या कोनाचं गानं घेतेत म्हने."

"पुसतेत?"

"फिती कमी हायेत म्हनते त्यायच्याकडे."

नत्थुजीनं यावर थट्टा केली नाही. त्यानं भिंतीवरचा खटका बंद केला, हात धोतराला पुसले आणि खाली वाकला. "काढा पाचवा. गरम असन, फडक्यानं धरा."

वामनरावांनी व्हॉल्व्ह अलगद उपसला. नत्थुजीनं तो उजेडाकडे धरला. खालच्या आठ पितळी पायांवर लाल, तेलकट थर बसला होता. बैठकीतल्या भोकांतही तेच.

"हे काय हाये?"

मैनाबाईंनी उदबत्त्या या हातातून त्या हातात घेतल्या.

"वैनी?"

"दसऱ्याले यंत्राची पूजा नाई करत का? बाकीचे बसले होते, हा एकटाच डब्यात होता. तुमीच म्हनले, याले पाय हायेत. मंग पूजा पायाचीच करतेत न. तेलात कुंकू कालवून लावलं. अन् जिथं बसनार तिथंबी बोट टेकवलं."

"जिनातल्या इंजनाले मीबी हार घालतो," नत्थुजी म्हणाला. "पन त्याच्या घशात नाई कोंबत."

वामनरावांचे खांदे हलले. हसू होतं ते, पण लगेच विरलं. त्यांनी दोनदा टेबलावर बोटं वाजवली आणि स्वयंपाकघराकडे सुई टोचल्यासारखी खूण केली.

वैशाखात लग्न होऊन आलेली सून, सुभद्रा, शिवणाची सुई घेऊन आली. डोक्यावरचा पदर सावरत तिनं ती टेबलाच्या कडेला ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यासमोर, उभं राहायची तिला अजून सवय झाली नव्हती. तिचा नवरा बडनेऱ्याला रेल्वेत होता, रविवारीच यायचा.

सुईला फडक्याची चिंधी गुंडाळून, रॉकेलमध्ये बुडवून, वामनराव एकेक भोक पुसत राहिले. बाहेर ओसरीवर माणसं जमू लागली होती. शेजारच्या गोदाबाईंनी विचारलं, लागला का? कोणीतरी म्हणालं, लागन, घाई कायची. घाई सगळ्यांनाच होती.

मैनाबाईंनी रेडिओपुढे पाट मांडला. मारुतीरायासाठी आणखी एक, रिकामा. कीर्तन जिथं, तिथं तो येतोच.

"आत्याबाई," सुभद्रा त्यांच्या कानाशी म्हणाली, "मले समजन का जी? आमच्या खेड्यात कीर्तन म्हनजे सप्त्यातलं, तेबी पोरं रडली का आमी उठून जावो."

"आख्यान नाई समजलं तरी चालन. तू फक्त आयक."

पाय स्वच्छ झाले. वामनरावांनी व्हॉल्व्ह बैठकीवर टेकवला आणि दाबला. तो बसेना. पुन्हा दाबला. कपाळावर घाम आला.

"जोर नका लावू," नत्थुजी हळूच म्हणाला. "मधी खुंटी हाये, तिले एक कंगोरा हाये. कंगोरा खाचीत आला का आपोआप बसन. फिरवत राहा."

वामनरावांनी डोळे मिटले. स्नान घातलेला देव सिंहासनावर परत ठेवावा, तितक्या हलक्या हातानं व्हॉल्व्ह फिरवला. कुठेतरी तो थांबला. त्यांनी तळवा वर ठेवला. व्हॉल्व्ह खाली गेला, अगदी कडेपर्यंत.

नत्थुजीनं खटका दाबला.

चार पेटले. मग पाचवा, सावकाश, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. कर्ण्यातून घरघर आली, शिट्टी आली, बाईचा आवाज बाजारभाव सांगून गेला. वामनरावांनी स्टेशन लावायचं बटण केसभर फिरवलं.

झांज वाजली. मृदंगावर थाप पडली. आणि नमनाचा सूर उठला, भरदार, पहाडी, ओसरीपार जाणारा. बाहेरच्या माणसांनी टोप्या नीट केल्या. गोदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

वामनराव पाटासमोर हात जोडून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते, प्रत्येक शब्दावर, कर्ण्याच्या क्षणभर आधी.

सुभद्रानं रेडिओकडे पाहिलं. मग त्या बिनआवाजी ओठांकडे पाहिलं. मग सासूचा हात घट्ट धरला.

"असा होता का जी, मामाजीचा आवाज?"