पुढे गेलेली गाडी

"पुढे कुणीतरी गेलंय," योगेंद्र म्हणाला. "बघ ना, ताज्या खुणा आहेत. म्हणजे रस्ता खुला आहे."

बर्फात चाकांच्या दोन रेघा वर चढत गेल्या होत्या. अलकाने काच पुसली. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी, आणि दोन्हींचा रंग एकच. दुपारचे बारा वाजले होते, पण उजेड दिवेलागणीचा वाटत होता. तीन दिवसांपूर्वी देवासहून निघताना एप्रिलच्या उन्हात स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता.

"खाली चहावाला नको बोलला होता," ती म्हणाली. "परत चला ना."

"तो नको बोलणारच. बत्तीस वर्षं कारखान्यात शिफ्ट केल्या मी. एकदा बर्फ बघायला आलो, तर घाबरून परत जाऊ?"

गप्प बसायची अलकाला सवय होती. शाळेत शिकवायला ती स्वतः गाडी घेऊन जायची, पण योगेंद्र सोबत असला की स्टिअरिंग त्याचंच.

तासभर ते त्या खुणांवरून चालले. "पुढचा भिया पक्का ड्रायव्हर आहे हं," योगेंद्र खुशीत म्हणाला. "कुठे चाक घसरलं नाही." पण कुठल्याही वळणावर पुढची गाडी दिसली नाही. बर्फ सारखा पडत होता आणि त्या खुणा काही बुजत नव्हत्या. अलकाच्या ते लक्षात आलं.

मग एका वळणानंतर खुणा संपल्या.

योगेंद्रने ब्रेक दाबला. समोर सपाट, कोरा बर्फ होता. रेघा रस्त्याच्या मधोमध, पाटीवरून खडू उचलावा तशा थांबल्या होत्या. तो खाली उतरला, दरीच्या कडेपर्यंत गेला, वाकून पाहिलं. कडेचा बर्फ जसाच्या तसा होता. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"गाडी गेली कुठे?" तो तिथूनच ओरडला. "हॉर्न वाजव जरा."

अलकाने हात लांबवून दोनदा हॉर्न वाजवला.

खालून, दरीतून, दोनदा हॉर्न वाजला.

"ऐकलंस? खाली अडकलेत बिचारे!" योगेंद्र कडेवर गुडघे टेकून बसला. "अजून वाजव!"

तिने तीनदा वाजवला. खालून तीनदा आला. आवाज स्वच्छ होता, जवळचा होता. योगेंद्रने एक पाय खालच्या उतारावर टाकला.

"अहो, थांबा!" ती काच खाली करून ओरडली. "अडकलेला माणूस सारखा वाजवत राहतो. हे आपण वाजवल्यावरच वाजतंय."

"अगं, मग प्रतिध्वनी असेल. बघून तर येतो."

अलकाने पुन्हा हॉर्नकडे हात नेला. नेला आणि तसाच धरून ठेवला. हॉर्नला हात लावला नाही.

खालून एकदा, लांबलचक, हॉर्न वाजला.

योगेंद्रने तिच्याकडे पाहिलं. तिचा हात हवेतच होता. तो पाय उचलून हळूहळू मागे आला, पण गाडीपाशी येऊन दार धरून उभाच राहिला.

"या बाजूने बसा," अलका म्हणाली आणि सरकून स्टिअरिंगवर बसली.

वळवायला जागा नव्हती. तिने दीड किलोमीटर गाडी उलटी घेतली. मागची काच धूसर होती, म्हणून दार अर्धं उघडून, कडेला चाकाखाली बघत घेतली. योगेंद्र शेजारी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. रुंद वळण येईपर्यंत खालून हॉर्न त्यांच्यासोबत चालत राहिला. मग थांबला.

खालच्या पोलीस चौकीवरच्या हवालदाराने सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी माणसं वर जाऊन आली. काही सापडलं नाही. योगेंद्रचा नंबर घेऊन हवालदाराने दोघांना घरी जायला सांगितलं.

जूनमध्ये देवासला फोन आला. दोघं नुकतीच जेवून उठली होती. योगेंद्रने स्पीकर लावला.

"आपने जो मोड़ बताया था ना साहब," हवालदार म्हणाला, "उसके नीचे नाले की बर्फ़ इस बार पूरी पिघली. एक गाड़ी निकली है. चार सर्दियाँ पुरानी. मियाँ-बीवी थे, दूसरी तरफ़ ढूँढते रह गये थे सब. चोट कोई नहीं थी, बस ठंड से गये."

योगेंद्र खुर्चीत बसला. "म्हणजे ते बोलवत होते," तो अलकाला म्हणाला. "चार वर्षं बोलवत होते, आणि आपण पळून आलो."

अलकाने फोन जवळ ओढला. मग तिने विचारलं, "भैया, गाड़ी का हॉर्न ठीक था?"

"हॉर्न?" पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "नहीं मैडम. हॉर्न तो उन्होंने ख़ुद ही उखाड़ डाला था. तार हाथ से खींचे हुए थे, आदमी की उँगलियाँ छिली हुई थीं. फिर दोनों पीछे की सीट पर चले गये होंगे. वहीं मिले, एक कंबल में."

पुन्हा कागद उलटला.

"और दोनों के कानों में कपड़ा ठूँसा हुआ था."